दुखण्याचे मूळ कोठे आहे?

नागपुरात रामदासपेठ म्हटले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रथम दवाखान्यांच्या पाट्या उभ्या राहतात. येथील आणि शेजारच्या धंतोलीतील रस्त्यांनी चालत गेल्यास दातांचे, डोळ्यांचे, हाडांचे, मेंदूचे असे निरनिराळे तज्ज्ञ एकामागून एक लागतात. विदर्भातील गावांतून, तसेच छिंदवाडा, बालाघाट यांसारख्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांतून माणसे चाचण्यांच्या कागदांची जाडजूड पिशवी हातात घेऊन येथे येतात. ही सोय मोठीच होय. परंतु तिच्याबरोबर एक अडचणही येते. पाट्या अवयववार लागलेल्या असतात, आणि कोणत्या फाटकातून आत जावे हे पुष्कळदा रोग्याला स्वतःच ठरवावे लागते. तो अर्थातच जेथे दुखते त्या अवयवाची पाटी शोधतो. आता दुखणारी जागा आणि दुखण्याचे मूळ ही दोन्ही एकच असतात, असा काही सृष्टीचा नियम नाही. ही साधी गोष्ट ध्यानात न आल्यामुळे किती तरी माणसांची वर्षे व्यर्थ जातात.

ही गोष्ट उदाहरणाने स्पष्ट व्हावी म्हणून आम्ही या लेखात एकच विकार घेतला आहे. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. या विकाराच्या माणसास दीर्घकाळ वेदना होऊ लागल्या, तर त्यांचे कारण कसे शोधतात, हे आम्ही सांगणार आहोत. विषय वैद्यकाचा असला तरी त्यात लागणारी विचाराची रीत आमच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या तासाला परिचित झालेलीच आहे. आणि पालकांस तर ती कोणत्याही घरच्या आजारात उपयोगी पडेल.

प्रथम हा विकार म्हणजे काय ते पाहू. आपल्या मेंदूतून व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून असंख्य तंतू जातात, आणि त्यांच्यावरून संदेश विजेच्या वेगाने धावतात. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. शरीराचे रक्षण करणारी जी व्यवस्था एरव्ही जंतूंवर तुटून पडते, तीच या विकारात चुकून या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन जागोजाग झिजते, तेथे चट्टे पडतात आणि पुढे ते चट्टे कठीण होतात. पॅरिस येथील जाँ-मार्तँ शार्को या वैद्याने १८६८ मध्ये या विकाराचे पहिले सुसंगत वर्णन केले आणि या कठीण चट्ट्यांवरूनच त्याला नाव दिले. चट्टा दृष्टीच्या तंतूवर पडला तर डोळ्याला अंधुक दिसते; मज्जारज्जूत पडला तर पाय जड व बधिर होतात; लहान मेंदूकडील मार्गावर पडला तर तोल जातो. म्हणून दोन रोग्यांची लक्षणे सहसा सारखी नसतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. तो बहुधा २० ते ४० या वयात प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून अधिक आढळतो. म्हणजे ज्या वयात आई मुलांचे डबे भरते, नोकरी करते आणि घर सांभाळते, नेमके तेच वय या विकाराचेही असते.

हा थंड देशांतील गोऱ्या लोकांचा रोग आहे, आपल्याकडे तो नाहीच, अशी समजूत पुष्कळ काळ होती. मुंबईतील पारशी समाजाची पाहणी करून डॉ. भरुचा, डॉ. नोशीर वाडिया आदी तज्ज्ञांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, त्या समाजात दर लाखामागे २० हून अधिक माणसांस हा विकार आहे. सर्व भारतीयांचे प्रमाण त्याहून कमी असले, तरी आपल्या अफाट लोकसंख्येत थोडे प्रमाण म्हणजेही थोडी माणसे नव्हेत. साऱ्या जगात मिळून सुमारे २८ लाख लोकांस हा विकार असल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता वेदनेकडे वळू. एके काळी वैद्यांची अशीही समजूत होती की, हा विकार माणसाला पंगू करतो, पण दुखवीत नाही. ती समजूत आता टिकलेली नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या विकाराच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ६३ जणांस कोणत्या ना कोणत्या वेदना असल्याचे आढळले. त्यातील तपशील विचार करण्यासारखा आहे. डोकेदुखी ४३ जणांस होती. हातापायांतील मज्जातंतूंची वेदना २६ जणांस. पाठदुखी २० जणांस. स्नायूंचे वेदनायुक्त आकडे १५ जणांस. चेहऱ्यातील विजेसारखी कळ सुमारे ४ जणांस. एकाच माणसास यांपैकी दोन किंवा तीन प्रकार असू शकतात, म्हणून ही बेरीज ६३ च्या पुढे जाते. या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. मल्टिपल स्क्लेरोसिसची वेदना अशी एकच एक वस्तू नाही. एका नावाखाली पुष्कळ वेदना आहेत, आणि प्रत्येकीचे मूळ निराळे आहे.

येथे दोन प्रकारच्या चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिली चूक अशी की, एकदा रोगाला मोठे नाव मिळाले म्हणजे त्यानंतरचे प्रत्येक दुखणे त्याच नावावर मांडले जाते. गुडघा दुखला, तो रोग. पोट दुखले, तो रोग. खांदा धरला, तोही रोगच. मग कोणी गुडघा हात लावून पाहत नाही. दुसरी चूक याच्या उलट. तपासणीच्या कागदावर काही दिसले नाही, की वेदना मनाची आहे असे सांगून रोग्याला परत पाठवतात. आणि घरची माणसेही, दिसायला तर चांगली धडधाकट आहे, असे म्हणू लागतात. पहिल्या चुकीने बरा होण्यासारखा आजार अंगात वाढत राहतो. दुसरीने माणूस एकाकी पडतो. खरे शोधकार्य या दोहोंच्या मधून चालते.

हे शोधकार्य करताना वैद्य मनात चार खाने करतो, असे म्हटले तरी चालेल. पहिल्या खान्यात चट्ट्यांमुळेच उत्पन्न होणाऱ्या वेदना येतात. मज्जारज्जूतील संवेदनेचा मार्ग बिघडला म्हणजे पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजतात, आणि रात्री ही आग अधिक जाणवते. पायाला मात्र काहीही झालेले नसते. मान पुढे वाकवताच पाठीच्या कण्यातून विजेचा झटका उतरल्यासारखे वाटणे, हे लक्षण फ्रेंच वैद्य लेर्मित यांनी १९२४ मध्ये प्रसिद्धीस आणले. त्याचे मूळ बहुधा मानेतील मज्जारज्जूच्या चट्ट्यात असते. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे हेही मज्जारज्जूचेच लक्षण असू शकते. डोळा फिरवताना दुखणे आणि त्याबरोबर दृष्टी मंदावणे, हे दृष्टीच्या तंतूच्या दाहाचे चिन्ह होय. चेहऱ्याच्या एका बाजूला क्षणभर येणारी, वारा लागला किंवा घास चावला तरी उठणारी तीव्र कळ ही चेहऱ्याच्या संवेदनेचा तंतू मेंदूत शिरतो त्या ठिकाणच्या बिघाडाने येऊ शकते. ही कळ सर्वसाधारण माणसांत बहुधा पन्नाशीनंतर येते. ती तरुण वयात आली, किंवा दोन्ही बाजूंस आली, तर वैद्याने या विकाराचा संशय घ्यावा, असा संकेत आहे. हिची जागा दाताजवळ असल्यामुळे रोगी दंतवैद्याकडे जातो, आणि चांगले दात काढले जाण्याचे प्रसंग येतात. दात गेले तरी कळ राहतेच.

दुसऱ्या खान्यात विकाराच्या परिणामांचे परिणाम येतात. पाय ताठर झाले म्हणजे स्नायू ओढले जातात आणि आकडे येतात. चाल बदलली म्हणजे कमरेवर व गुडघ्यावर वाकडा भार पडतो. काठीवर भर दिल्याने मनगट व खांदा दुखू लागतात. एकाच स्थितीत पुष्कळ वेळ बसल्याने कातडीला व्रण होतात. या वेदना चट्ट्यांतून थेट निघत नाहीत. त्या सांध्यांच्या व स्नायूंच्या साध्या वेदना असतात, आणि बसण्याची खुर्ची, काठीची उंची, पादत्राणे व व्यायाम यांत सुधारणा केल्याने पुष्कळ कमी होतात.

तिसऱ्या खान्यात उपचारांतून आलेल्या वेदना येतात. विकार अकस्मात उसळला म्हणजे स्टेरॉइड वर्गातील औषध मोठ्या मात्रेने, बहुधा तीन ते पाच दिवस, शिरेतून देतात. त्याचा उपयोग होतो. परंतु हे औषध वारंवार घ्यावे लागले तर हाडे ठिसूळ होऊ शकतात, आणि क्वचित मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड मरू लागते. इंटरफेरॉनच्या सुईनंतर अंग मोडून येते व सुई टोचली ती जागा दुखते. रोगप्रतिकारशक्ती दडपणाऱ्या काही औषधांमुळे नागीण उठण्याचा संभव वाढतो, आणि नागिणीची वेदना पुरळ दिसण्यापूर्वीच सुरू होऊ शकते.

चौथ्या खान्यात विकाराशी काहीच संबंध नसलेल्या वेदना येतात. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसास मुतखडा होणार नाही, अर्धशिशी होणार नाही, मानेचे मणके झिजणार नाहीत, असे कोणी लिहून दिलेले नाही. मधुमेहाने व ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने पायांची आग होते. आणि शुद्ध शाकाहारी घरांत हा अभाव असामान्य नाही. छातीतील आवळल्यासारखी वेदना विकाराच्या खात्यावर टाकण्यापूर्वी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. कारण येथे चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

आता हे चार खाने प्रत्यक्षात कसे वापरतात ते एका कल्पित दाखल्याने पाहू. समजा, ३८ वर्षे वयाच्या एक शिक्षिका आहेत. त्यांना ६ वर्षांपासून हा विकार आहे. मागील ३ वर्षांत त्यांना स्टेरॉइडचे उपचार अनेकदा घ्यावे लागले, आणि त्या उजव्या हातात काठी घेऊन चालतात. त्यांचे म्हणणे एवढेच की, माझे सगळे अंग दुखते. या एका वाक्यावर औषध लिहून देणे सोपे आहे, पण त्यातून कारण कळत नाही. म्हणून चांगला वैद्य प्रथम हे वाक्य सोडवून घेतो. कोठे दुखते? केव्हापासून? कशाने वाढते, कशाने उतरते? झोपेतून जाग येते काय? असे विचारीत गेल्यावर समजते की दुखणी तीन आहेत. दोन्ही पावलांची रात्री आग होते. उजव्या हाताच्या अंगठ्याला व जवळच्या बोटांना पहाटे मुंग्या येऊन कळ येते, आणि हात झटकला म्हणजे बरे वाटते. आणि डाव्या जांघेत चालताना दुखते, बसले म्हणजे कमी होते.

आता पावलांच्या आगीचा विचार करा. ती मज्जारज्जूतील चट्ट्याची असेल, किंवा मधुमेहाने वा जीवनसत्त्वाच्या अभावाने पायांतील तंतू बिघडल्यामुळे असेल. वैद्य रबरी हातोडीने घोट्यामागील स्नायुबंधावर आघात करतो. पायातील तंतू बिघडले असतील तर पाऊल सहसा मंद हलते किंवा हलतच नाही. दोष वर मज्जारज्जूत असेल तर ते बहुधा नेहमीपेक्षा जोराने उसळते. पुढे तो कंपनकाटा घोट्याच्या हाडावर ठेवतो, कापसाने व टाचणीने स्पर्श करून पाहतो, आणि रक्तातील साखर व ब-१२ तपासून घेतो. समजा, दोन्ही ठीक आहेत आणि पाऊल जोराने उसळते. मग संशय मज्जारज्जूकडे वळतो.

हाताच्या मुंग्यांना हाच न्याय लावता येईल काय? नाही. हात झटकल्याने बरे वाटणे, पहाटे जाग येणे, आणि ठराविक बोटांपुरतीच पीडा असणे, या तीन खुणा मनगटातील बोगद्यात दबलेल्या तंतूकडे बोट दाखवतात. काठीवर भर देणाऱ्या हातास हे होणे स्वाभाविकच. तंतूतून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी एक चाचणी असते. तिच्यात मनगटापाशी वेग मंदावलेला आढळला तर निदान पक्के होते. मनगटपट्टी, काठीच्या मुठीत बदल, आणि न भागल्यास छोटी शस्त्रक्रिया, असा याचा उपाय आहे.

राहिले जांघेचे दुखणे. या बाईंच्या पिशवीत मेंदूचे व कण्याचे चुंबकीय चित्रण, म्हणजे एम. आर. आय., चार वेळा केलेले आहे. त्या सर्व चित्रांत चट्टे आहेत, आणि जांघेचे दुखणेही त्या चट्ट्यांमुळेच असेल, असे आजवर सर्वांनी गृहीत धरले. परंतु वैद्य त्यांस निजवून डावा पाय खुब्यात आत वळवतो, आणि वेदना नेमकी तेथे उठते. चट्ट्यामुळे होणारी आग पाय वळवण्याची वाट पाहत नाही. शिवाय पूर्वी स्टेरॉइड घेतलेले आहे. तेव्हा खुब्याचे चित्र हवे. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाचा हा आजार आरंभी दिसत नाही, म्हणून खुब्याचे चुंबकीय चित्रण करावे लागते. मेंदूचे चार वेळा झाले, खुब्याचे एकदाही झाले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती हीच गोष्ट. हाडाचे डोके खचण्यापूर्वी रोग ओळखला, तर ते वाचवण्याचे उपाय करून पाहता येतात. खचल्यानंतर बहुधा सांधाच बदलावा लागतो. उशिराची किंमत ती एवढी.

या दाखल्यातून काही नियम निघतात. पहिला हा की, चट्टा दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. चित्रातील चट्टा आणि दुखणारी जागा यांचा मज्जातंतूंच्या मार्गाने मेळ बसला पाहिजे. दुसरा हा की, चाचणी काय मोजते हे जाणल्यावाचून तिच्या निकालाचा अर्थ लावू नये. वर सांगितलेली विजेची चाचणी हातापायांतील तंतू तपासते. मेंदू व मज्जारज्जू यांतील मार्गांची ती परीक्षा नव्हे. ती निर्दोष आली म्हणून पावलांची आग खोटी ठरत नाही. तिसरा हा की, औषधाने आराम पडला एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण वेदनाशामक औषध अनेक कारणांची वेदना थोडीबहुत झाकते. आणि चौथा हा की, एका वेळी एकच बदल करावा. औषध, व्यायाम व आहार हे तिन्ही एकाच आठवड्यात बदलले, तर कशाने गुण आला हे कोण सांगणार?

कारण शोधण्याचा हा खटाटोप केवळ जिज्ञासेपोटी नाही. उपाय कारणाप्रमाणे बदलतो. मज्जातंतूंच्या आगीवर गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे देतात; दुकानातून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत, आणि काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्याने मूत्रपिंडांस व जठरास अपाय मात्र होतो. चेहऱ्याच्या कळेवर कार्बामाझेपिन हे प्रमुख औषध आहे. परंतु ते सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठल्यास त्वरित वैद्याला दाखवावे लागते. ताठरपणावर बॅक्लोफेन देतात. ते मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. खुब्याच्या मेलेल्या हाडावर यांपैकी एकही औषध इलाज करीत नाही. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावल्यासारखा तो प्रकार होतो.

कित्येकदा प्रत्यक्ष रोगाच्या नावाचाच पुन्हा विचार करावा लागतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक विकार आहे. तोही दृष्टीचा तंतू व मज्जारज्जू यांवर आघात करतो, आणि त्यात वेदना व वेदनायुक्त आकडे विशेष आढळतात. पूर्वी तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार समजत. २००४ मध्ये त्याला ओळखण्यास उपयोगी पडणारा रक्तातील एक घटक सापडला, आणि पुष्कळ रोग्यांत दोन्ही विकार वेगळे ओळखता येऊ लागले. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण एका विकारावर चालणारी काही औषधे दुसऱ्यात अपाय करतात.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंग तापले म्हणजे वेष्टन झिजलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत, आणि जुनी लक्षणे तात्पुरती परत येतात. जर्मन नेत्रवैद्य ऊथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले. आमच्या शहराच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांस टेकतो, तेव्हा या विकाराच्या माणसास दुपारी पाय जड होणे, डोळ्यांपुढे अंधुक येणे हे घडू शकते. थंडावा मिळाल्यावर ते उतरते. अशा वेळी रोग वाढला असे समजून घाबरू नये. उलट, ताप वा लघवीतील संसर्ग नसताना एखादे नवीन लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर वैद्यास कळवण्यास विलंब करू नये. लघवीतील संसर्ग, बद्धकोष्ठता, नखुरडे किंवा घट्ट बूट अशा क्षुल्लक दिसणाऱ्या कारणांनीही पायांचे आकडे वाढतात. तेव्हा ही कारणे आधी तपासून पाहावीत.

रोग्याने व घरच्यांनी या शोधात काय साहाय्य करावे? आमच्या मते दोन गोष्टी करता येतात, आणि दोहोंस पैसा पडत नाही. पहिली म्हणजे नेमका शब्द. आपली मराठी भाषा या बाबतीत फार संपन्न आहे. ठणका वेगळा आणि ठसठस वेगळी. कळ वेगळी, चमक वेगळी. आग, सणक, पेटका, ओढ, टोचणी, मुंग्या, बधिरता या प्रत्येक शब्दाने निराळा अनुभव सांगितला जातो. आग, मुंग्या व चमक हे शब्द बहुधा मज्जातंतूंकडे नेतात, ठणका पुष्कळदा सांध्याकडे किंवा पू झालेल्या जागेकडे नेतो, पेटका स्नायूकडे. कॅनडातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या शब्दांचीच एक प्रश्नावली रचली, आणि ती जगभर वापरली गेली. आजीच्या तोंडचे हे शब्द दवाखान्यात जाताना घरी ठेवून जाऊ नयेत. नुसते पेन होते असे सांगण्यापेक्षा, पोटरीत ओढ लागून पेटका येतो, असे सांगितले तर वैद्याचे अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजनिशी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे यास १८२२ मध्ये, २८ व्या वर्षी, प्रथम दृष्टीचा त्रास झाला. त्यानंतर अनेक वर्षे त्याने आपल्या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, आणि १८४८ मध्ये तो वारला. तेव्हा त्याच्या आजाराला नावसुद्धा नव्हते. परंतु १९४८ मध्ये त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, आणि तो आजार मल्टिपल स्क्लेरोसिसच असला पाहिजे, असे वैद्यांस त्या कागदांवरून ओळखता आले. शंभर वर्षांनंतर जर नोंद बोलू शकते, तर पुढील महिन्याच्या भेटीत ती किती बोलेल! वहीत रोज चार ओळी पुरेत: कोठे दुखले, कसे दुखले, केव्हा, आणि त्यापूर्वी काय केले होते. झोप व औषध यांचीही नोंद असावी. निरनिराळ्या पाट्यांखाली बसलेल्या तज्ज्ञांमध्ये ही वही दुवा होते. मात्र ती सर्व वही व सर्व कागद एकाच वैद्यापुढे ठेवून, यांचा एकत्र विचार आपण करावा, अशी विनंती केली पाहिजे.

एवढा शोध घेऊनही कित्येकदा कारण पूर्णपणे हाती लागत नाही, किंवा लागले तरी वेदना पूर्णपणे जात नाही. अशा वेळी ती खोटी ठरत नाही. दीर्घ वेदनेने झोप जाते, मन खचते, आणि खचलेले मन वेदना अधिक तीव्रतेने भोगते. म्हणून मनाचा उपचार करणे म्हणजे वेदना काल्पनिक आहे असे म्हणणे नव्हे. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपल्याकडे आहेच. परंतु ज्याचे जळत नाही त्याने निदान विश्वास तरी ठेवावा.

हा विश्वास आता कायद्यानेही काही अंशी दिला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगता मानल्या असून, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. विकारामुळे कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात दिव्यांगता आली असेल, तर तीबद्दल प्रमाणपत्र मागता येते. या विकाराच्या लोकांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून कार्य करीत असून, मुंबई व पुणे येथे तिच्या शाखा आहेत. आणि ज्यांस खासगी तज्ज्ञांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहे, हेही विसरू नये.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी एखाद्याच्या घरी आई, मावशी किंवा काका अशा दुखण्याने पडून असतील. दुखणारे माणूस कधी चिडते, कधी ठरलेल्या ठिकाणी येण्यास नकार देते, आणि तुम्हांस वाटते की यांना आमची पर्वा नाही. तसे नसते. दिवसभर वेदना सोसण्यातच त्यांचे बळ खर्च झालेले असते. तुम्ही वैद्य नाही, आणि वैद्यकी करू नये हेच बरे. पण तुम्हांस अक्षर येते, घड्याळ पाहता येते आणि प्रश्न विचारता येतो. संध्याकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी त्यांच्याजवळ जाऊन, आज कोठे दुखले, कसे दुखले, असे मायेने विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. वैद्याला त्या पानांवर एखाद्या दिवशी कारण सापडेल. आणि सापडेपर्यंतच्या दिवसांत, आपले दुखणे घरात कोणीतरी खरे मानते, एवढे तरी त्या माणसास रोज कळत राहील.